डाव्या हाताचा फोटो

१

मुलगी चौदा वर्षांची होती आणि तिच्या डाव्या मनगटातलं हाड विशीच्या पुढचं. निदान फायलीत तरी तसंच लिहिलं होतं.

फाईल ज्यांच्या टेबलावर होती, त्या बाईंना व्हिसा कचेरीत सगळे परतबाई म्हणत. नाकारलेले अर्ज परत तपासणं हे त्यांचं काम, हे एक कारण. दुसरं म्हणजे समोरच्यानं काहीही सांगितलं की त्या चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "परत सांगा." दुसऱ्यांदा सांगताना माणूस काय गाळतो आणि काय घालतो, याकडे त्यांचं लक्ष असे.

हा अर्ज दोन भावंडांचा होता. वडील आधीच गेलेले, आई दीड वर्षापूर्वी गेली. तेव्हापासून दोघं बालगृहात राहत होती. परदेशात त्यांचा सख्खा मामा होता. तो तिथे शहरातली बस चालवायचा. त्यानं दोघांनाही आपल्याकडे मागितलं होतं. सात वर्षांच्या भावाचा व्हिसा मंजूर झाला. बहिणीचा नाही. कारण लिहिलं होतं: "वय अठराच्या वर. अर्जातली माहिती खोटी."

जन्मदाखला आई गेल्यावर, उशिरा काढलेला. त्यामुळे त्यावर भरवसा न ठेवता हाताच्या एक्स-रेवरून वय ठरवलं होतं. वाढत्या वयात मनगटाच्या हाडाच्या टोकाशी एक बारीक काळी फट दिसते आणि वाढ थांबली की ती बुजते. या फोटोत फट नव्हती. तपासणाऱ्या डॉक्टरांनी खाली आणखी एक ओळ लिहिली होती: "मनगटाचं हाड पूर्वी मोडून सांधलेलं."

निर्णय ज्यांनी दिला होता, ते साहेब शेजारच्याच खोलीत बसत. हात झपझप चाले म्हणून लोक त्यांना माघारी 'शिक्का' म्हणत.

"एक्स-रे पुन्हा काढायला सांगू का?" परतबाईंनी विचारलं.

"फेरतपासणीत नवा पुरावा घेता येत नाही, हे तुम्ही मला शिकवलंय," साहेब म्हणाले. "जे निर्णयाच्या दिवशी होतं, त्यातच चूक सापडली पाहिजे. नाहीतर नवा अर्ज. त्याला चौदा महिने."

भावाचा व्हिसा नऊ दिवसांत संपत होता. म्हणजे एक तर तो एकटा विमानात बसणार होता, नाहीतर दोघंही इथेच राहणार होती.

दुपारी मामाचा फोन आला. मागून रहदारीचा आवाज येत होता.

"बाई, मी तिला खांद्यावर बसवून फिरवायचो तेव्हा ती तीन वर्षांची होती," तो म्हणाला. "मग मी इकडे आलो. त्याला अकरा वर्षं झाली. तीन आणि अकरा किती होतात, तेवढं तुमच्या त्या मशीनला विचारा."

परतबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "परत सांगा," त्या म्हणाल्या. "सावकाश. मी लिहून घेते."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी बालगृहाच्या अधीक्षिका दोन्ही मुलांना घेऊन आल्या. मुलगी उंचीनं बेताचीच, पण बसताना आधी भावाची खुर्ची पुढे ओढून, त्याची बाटली त्याच्या हातात देऊन मग बसली. भावाला बालगृहात 'शेपूट' म्हणत. का, ते सांगायची गरज नव्हती. त्याची एक मूठ बहिणीच्या ओढणीच्या टोकाला होती.

"तुझा हात कधी मोडला होता का?" परतबाईंनी विचारलं.

"नाही."

"लहानपणी? पडलीस वगैरे?"

"पडले असेन. मोडला नाही."

"परत सांग."

"नाही मोडला," मुलगी म्हणाली. मग खाली बघत हळूच पुढे बोलली. "पण सगळे म्हणतात मी वीस वर्षांची आहे. आई असती तर तिला विचारलं असतं. मलाच आता वाटायला लागलंय की मी मोजायला चुकले की काय."

शेपटाच्या बुटाची नाडी सुटली होती. मुलगी वाकून ती बांधू लागली, तेव्हा तिच्या डाव्या हाताची करंगळी दिसली. तिचं टोक आतल्या बाजूला, शेजारच्या बोटाकडे वळलेलं होतं.

"हे बोट?"

"जन्मापासूनच असं आहे. आईचंही होतं."

"एक्स-रे काढताना घाबरली होतीस?"

"आधी खूप. पण मग बघितलं ना, तेव्हा..."

अधीक्षिका खोकल्या. मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. परतबाईंनी "परत सांग" म्हणून बघितलं, पण या वेळी त्याचा उपयोग झाला नाही.

ती तिघं गेल्यावर परतबाईंनी फायलीतला, अर्ज घेताना कचेरीत भरलेला ओळखीचा कागद काढला. 'ओळखीची खूण' या रकान्यात स्वच्छ लिहिलं होतं: "डाव्या करंगळीचं टोक जन्मतः आत वळलेलं." खाली साहेबांचीच सही होती.

मग त्यांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या काचेवर धरली. पाच बोटांची हाडं उजेडात पांढरीशुभ्र उमटली. करंगळीचं हाड मुळापासून टोकापर्यंत पट्टीनं आखल्यासारखं सरळ होतं.

हा हात त्या मुलीचा नव्हताच.

३

परतबाई फिल्म घेऊन तशाच साहेबांच्या खोलीत गेल्या. आता काम झालं, अशी त्यांची समजूत होती. साहेबांनी फिल्म बघितली, कागद बघितला, आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"हे तर फारच वाईट झालं," ते म्हणाले.

"वाईट कसं?"

"हॉस्पिटलात एक मुलगी गेली आणि आपल्यासमोर दुसरीच येते. म्हणजे मुलगी बदलली. आत्तापर्यंत नुसतं वय खोटं होतं, आता माणूसच खोटं निघालं. मला वर कळवावं लागेल. तपास होईल, आणि तो होईपर्यंत भावाचाही व्हिसा रोखला जाईल."

भावाचं, म्हणजे निम्मं काम झालं होतं, तेही आपल्या हातानं उलटलं, असं परतबाईंना वाटलं. त्या खुर्चीत बसल्या. साहेब काही दुष्ट नव्हते. दोन वर्षांपूर्वी खोट्या मामाकडे एक मुलगा पाठवला गेला होता आणि त्या कागदावर साहेबांचा शिक्का होता. तेव्हापासून ते संशय आला की दार लावून घेत.

"एक मला सांगा," परतबाई म्हणाल्या. "वय लपवायचं असेल तर माणूस काय करेल? मोठी मुलगी पाठवायची असेल, तर हॉस्पिटलात लहान मुलीचा हात पुढे करेल. इथे उलटं झालंय. मुलगी लहान आणि हात मोठ्या बाईचा. असं करून कुणाचा काय फायदा?"

साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं.

"फसवणाऱ्यानं स्वतःलाच गोत्यात आणलं, असं म्हणायला लागेल," परतबाई म्हणाल्या. "मला ते पटत नाही. ही लबाडी नाही. हा घोटाळा आहे."

"हॉस्पिटलवाले दारात ओळखपत्र बघतात. घोटाळा होईल कसा?"

"तेच शोधायचंय."

साहेबांनी कॅलेंडर बघितलं. "गुरुवार दुपारपर्यंत थांबतो," ते म्हणाले. "त्यानंतर माझा नाइलाज आहे."

तो मंगळवार होता.

४

बालगृह म्हणजे एक लांबलचक बैठी इमारत होती. व्हरांड्यात ओळीनं तीस टॉवेल वाळत होते आणि प्रत्येकावर नंबर शिवलेला होता. अधीक्षिका बाई हसून सामोऱ्या आल्या, पण खुर्चीत टेकल्यावर त्यांची बोटं टेबलावरची किल्ली सारखी इकडून तिकडे फिरवत होती.

"एक्स-रेच्या दिवशी मुलीबरोबर कोण होतं?"

"मीच. नियमच आहे तसा. मूल बाहेर न्यायचं तर अधीक्षिकेनं बरोबर असायचं."

"परत सांगा."

"मीच होते. सकाळी नेलं, दुपारी आणलं."

"खोलीच्या आत गेला होतात तुम्ही?"

"हो. म्हणजे दारापर्यंत. आत सोडत नाहीत ना."

पहिल्यांदा त्या खोलीत गेल्या होत्या, आणि वाक्य संपेपर्यंत दारात येऊन थांबल्या. परतबाईंनी वहीत एक छोटी फुली मारली.

तेवढ्यात स्वयंपाकाच्या मावशी चहा घेऊन आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्याठुसक्या, पदर खोचलेला. ट्रे उजव्या हातानं धरलेला आणि दुसरी कड डाव्या हाताच्या पंजावर न घेता कोपराजवळ टेकवलेली. कप मात्र त्यांनी न हिंदकळता खाली ठेवला.

"पोरीचं काही होईल का हो बाई?" त्यांनी विचारलं. अधीक्षिकांनी नुसतं वर बघितलं, तशा त्या लगबगीनं निघून गेल्या.

निघताना परतबाईंना अंगणात शेपूट भेटला. बहीण शाळेत होती, म्हणून त्याच्या मुठीत आज ओढणीऐवजी एका टॉवेलाचं टोक होतं. परतबाई त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"ताईबरोबर मोठ्या हॉस्पिटलात गेला होतास?"

"हो. मला बाकावर बसवलं. ताई आत रडत होती. मग हसली."

"हसली? कशाला?"

"मावशींनी हसवलं असेल."

"कुठल्या मावशींनी?"

"आपल्या. जेवण करतात त्या." त्यानं टॉवेलाचं टोक तोंडात घातलं, मग काढलं. "अधीक्षिका बाईंची दाढ सुजली होती. त्या आल्याच नव्हत्या. पण हे कुणाला सांगायचं नाहीये."

५

बुधवारी सकाळी परतबाई हॉस्पिटलच्या तळघरातल्या एक्स-रे विभागात जाऊन बसल्या. फोटो काढणारा तंत्रज्ञ तिशीचा, लाघवी माणूस होता. त्यानं खुर्ची पुसून दिली.

"ती मुलगी आठवते मला," तो म्हणाला. "फार घाबरली होती. तिच्याच हाताचा फोटो काढला. ओळखपत्र बघितलं, नंबर टाकला, फोटो काढला. दुसऱ्या कुणाचा कसा असेल?"

"किती फोटो काढले?"

"एकच."

"परत सांगा."

"एकच काढतो आपण वयासाठी. डावा हात."

परतबाईंनी पिशवीतून फिल्म काढली. "या कोपऱ्यात बारीक आकडा आहे. एक्केचाळीस. हा कशाचा?"

"मशीन आपोआप टाकतं तो. दिवसभरात जितक्यांदा बटण दाबलं जाईल, तितके आकडे पुढे जातात."

"त्या दिवसाची यादी दाखवता?"

त्यानं पडद्यावर यादी काढून दिली. परतबाईंनी चष्मा नाकावर घेतला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. चाळीस: एका आजोबांचा गुडघा. एक्केचाळीस: मुलीचा हात. त्याखाली त्रेचाळीस: एका तरुणाची छाती, अपघात.

त्यांनी बोट उचललं नाही.

"बेचाळीस कुठाय?" त्यांनी विचारलं.

तंत्रज्ञाचा चेहरा उतरला. "खराब निघाला असेल एखादा," तो म्हणाला, पण आवाज मघासारखा नव्हता.

६

"मी सांगते काय झालं ते," परतबाई म्हणाल्या. "चुकलं तर थांबवा मला. मुलगी घाबरून रडत होती. तिच्याबरोबर तिच्या बालगृहातल्या स्वयंपाकाच्या मावशी होत्या. त्या म्हणाल्या, बघ, काही दुखत नाही, आधी मी ठेवते हात. आणि त्यांनी ठेवला. तुम्ही बटण दाबलं."

तंत्रज्ञानं खोलीचं दार लोटून घेतलं.

"नुसतं दाखवणार होतो," तो म्हणाला. "पण मुलगी म्हणाली, खरंच आवाज येऊ दे, नाहीतर मला कळणार कसं. मशीनमध्ये तिचा नंबर घातलेलाच होता. मी दाबलं. मग ती हसली आणि निमूट हात ठेवून बसली. दुसरा काढला, तो तिचा. तेवढ्यात अपघाताचा पेशंट आला, एकच गडबड. त्या गडबडीत एक फोटो काढून टाकायचा होता, तो मी..."

"चुकीचा काढून टाकलात."

"मला आत्ता कळतंय," तो म्हणाला. "तुम्ही फिल्म दाखवली तेव्हा मनगट बघूनच शंका आली. कागद नसताना कुणाच्या अंगावर किरण सोडले तर नोकरी जाते, बाई. म्हणून एकच म्हणालो."

"टाकून दिलेले फोटो जातात कुठे?"

"मशीनमध्येच राहतात. तीन महिने. मग आपोआप पुसले जातात."

"किती दिवस झाले?"

त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटानं मोजलं. एकदा, आणि मग पुन्हा एकदा. "तीन महिन्यांना चार दिवस कमी आहेत," तो म्हणाला.

पडद्यावर एक यादी उघडली, मग दुसरी. परतबाई उभ्याच राहिल्या. बसावं हे त्यांना सुचलं नाही. शेवटी काळ्या चौकटीत एक हात उमटला. छोटा, बोटं जरा फाकलेली. करंगळीचं टोक आत वळलेलं. आणि मनगटाशी, दोन हाडांच्या टोकांवर, केसासारखी बारीक, स्पष्ट काळी फट.

कोपऱ्यात आकडा होता बेचाळीस, आणि त्याखाली तीच तारीख.

परतबाईंनी श्वास सोडला तो इतक्या मोठ्यानं, की तंत्रज्ञानं पाण्याचा ग्लास पुढे केला.

राहिला होता एक्केचाळीस. त्यासाठी त्या दुपारी पुन्हा बालगृहात गेल्या, थेट स्वयंपाकघरात. मावशी भाजी चिरत होत्या.

"मावशी, डावा पंजा आभाळाकडे करून दाखवता?"

मावशींनी सुरी ठेवली. पंजा अर्धाच वळला आणि अडला. "बारा वर्षं झाली, ओल्या फरशीवरून पडले होते," त्या म्हणाल्या. "कागद आहे माझ्याकडे हॉस्पिटलचा. पण का?"

परतबाईंनी सांगितलं. मावशींनी उजव्या हातानं डावं मनगट धरलं.

"म्हणजे माझ्या हातामुळे पोरगी वीस वर्षांची झाली?" त्या म्हणाल्या. "तिचं रडणं थांबावं म्हणून ठेवला हो. मला काय माहीत फोटो खरा निघतोय ते."

"तुम्ही काही वाईट केलं नाहीत," परतबाई म्हणाल्या. "फक्त कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं, आणि कुणी सांगितलं असतं तर आणखी बरं."

हे शेवटचं वाक्य दारात येऊन उभ्या राहिलेल्या अधीक्षिकांसाठी होतं. त्या आत आल्या. "मी गेले नव्हते हे बाहेर पडलं तर बालगृहाची मान्यता जाईल असं वाटलं. मुलीलाही गप्प बसायला मीच सांगितलं. लिहा तुम्ही. मी सही करते."

७

गुरुवारी सकाळी, दुपार व्हायच्या बरंच आधी, परतबाईंनी साहेबांच्या टेबलावर सगळं मांडलं: दोन फिल्म, मावशींचा बारा वर्षांपूर्वीचा कागद आणि तीन जणांचे जबाब.

साहेबांनी सगळं वाचलं. मग पहिल्या पानावर जाऊन पुन्हा वाचलं, आणि हे परतबाईंनी त्यांना पहिल्यांदाच करताना बघितलं.

"बेचाळीस नंबरचा फोटो निर्णयाच्या आधीचा आहे," ते म्हणाले. "म्हणजे नवा पुरावा नाही. तिच्या नंबरावर होताच, फक्त आपल्यापर्यंत पोचला नाही."

"बरोबर."

"आणि करंगळीचा कागद माझ्याच सहीचा आहे. मी फिल्म उघडलीच नव्हती, नुसता खालचा निष्कर्ष वाचला." त्यांनी शिक्का हातात घेतला, जरा थांबले. "तंत्रज्ञाचं काय होईल?"

"खरं आहे ते मी लिहिलंय. तो स्वतःहून बोलला आणि त्यानंच फोटो काढून दिला, हेही लिहिलंय. समज मिळेल. नोकरी राहील असं त्याच्या विभागाचे डॉक्टर म्हणाले. अधीक्षिकांना विचारणा होईल, पण तिथली तीस मुलं नीट आहेत, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय आणि तेही लिहिलंय."

साहेबांनी शिक्का मारला. या वेळी हळू मारला, कडा नीट उमटतील असा.

परतबाईंनी मामाला फोन लावला. त्यांचं वाक्य संपल्यावर पलीकडे ब्रेक दाबल्याचा आवाज आला. मग कुठंतरी घंटी वाजली, आणि पुन्हा वाजली.

"ऐकताय ना?" परतबाईंनी विचारलं.

"ऐकतोय," मामा म्हणाला. "बस थांब्यावर उभी केलीय. लोक घंटी वाजवताहेत. वाजवू दे. मला आत्ता समोरचं काही दिसत नाहीये, पुसून मगच निघेन."

सोमवारी मुलं पासपोर्ट घ्यायला आली. अधीक्षिकांच्या बरोबर मावशीही होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून. निर्णय त्यांना कळलेलाच होता, तरी काचेपलीकडून दोन्ही पासपोर्ट हातात येईपर्यंत मुलीनं खांदे सैल सोडले नाहीत. आपला पासपोर्ट उघडून तिनं जन्मतारीख वाचली, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि भावाचा पासपोर्ट पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

खिडकीतल्या कारकुनानं पोचवही पुढे सरकवली. मुलीनं सवयीनं पेन उचललं. गेली दीड वर्षं दोघांचं जे काही असेल ते तीच करत आली होती.

"तुझी सही चालायची नाही," कारकून म्हणाला. "मोठ्या माणसाची लागते. तू लहान आहेस अजून."

मुलीनं हातातल्या पेनाकडे बघितलं. मग तिनं ते अधीक्षिकांच्या हातात दिलं आणि हसली. आधी बारीक, मग खळखळून, अगदी वाकून. तिला हसताना बघून शेपूटही हसायला लागला. का हसायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.

परतबाई आपल्या खोलीच्या दारातून बघत होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढची फाईल उघडायला आत गेल्या.